चौथ्या लॅपनंतर लॅपचा वेळ वाढतो, ब्रेकचं पेडल खाली जातं: आधी कशाला हात घालावा?

तिसरा_गिअर

मंडळी, ट्रॅक डेच्या (आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायच्या दिवसाच्या) गाडीबद्दल सल्ला हवा आहे. १६०० सीसी पेट्रोल, टर्बो नाही, फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक, चालकासकट वजन ११५० किलो. इंजिन, सस्पेन्शन, ब्रेक सगळं कंपनीचंच. टायर रस्त्यावरचे, पण चांगल्या पकडीचे, १५ इंची. सत्र २० मिनिटांचं.

एका सत्रातल्या ओळीने सहा लॅप:
१:३४.८, १:३३.१, १:३२.६, १:३२.९, १:३४.२, १:३५.७

सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग १६५, तिथून ७० वर यावं लागतं. चौथ्या लॅपपासून ब्रेकचं पेडल जास्त खाली जातं, दोनदा पटपट दाबलं की थोडं वर येतं. सहाव्या लॅपला तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकतो. पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड झिजलीय. टायरमध्ये थंड असताना ३३ पीएसआय. ब्रेक ऑइल डॉट ४, दोन वर्षांपूर्वी बदललेलं. हो, आणि लांबलचक उजव्या वळणात एकदा इंजिन ऑइलच्या दाबाचा लाल दिवा क्षणभर लुकलुकला.

रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) आणि मोकळा एअर फिल्टर करायचा विचार आहे. की मोठ्या डिस्कचा संच आधी? एका वेळी दोनच कामं होतील.

---

डिपस्टिक

लाल दिव्याचं वाक्य तुम्ही सगळ्यात शेवटी, "हो, आणि" म्हणून लिहिलंय. ते पहिलं हवं होतं. ब्रेक कमी पडले तर निदान पेडल तसं सांगतं. बेअरिंगला तेल मिळालं नाही तर ते कळतं थेट आवाजावरून, आणि तोवर क्रँक गेलेला असतो.

त्या दिव्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारला लागतो. ६००० आरपीएमला बेअरिंगला ४ बारच्या आसपास दाब लागतो. म्हणजे १ बार दाब असतानाही दिवा विझलेलाच असतो, आणि तो लुकलुकतो तेव्हा दाब जवळपास संपलेला असतो. दिवा क्षणभरच दिसला, पण दाब त्याच्या आधीपासून पडत आलेला होता.

असं होतं कशामुळे? ०.९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट) बाजूचा जोर सतत मिळाला की चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनच्या तळाच्या टाकीतल्या तेलाची पातळी जवळजवळ ४२ अंशांनी कलते. उजव्या वळणात तेल डावीकडे चढतं, पंप जिथून तेल ओढतो ती पिकअपची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. छोट्या वळणात एक-दोन सेकंदांत सगळं जागेवर येतं, लांब वळणात येत नाही. त्यात गरम झालेलं पातळ तेल वरच्या हेडमधून खाली यायला वेळ लावतं, म्हणजे चेंबरमध्ये मुळात तेलच कमी.

पुढच्या सत्राआधी ऑइल फिल्टर काढून पत्रा कापा. करवतीने नको, त्याचा कीस आत पडतो आणि उगाच घाबरगुंडी उडते. फिल्टर कापायचं कटर मिळतं, ते वापरा. आतला घड्यांचा कागद काढून पिळा, पांढऱ्या कापडावर पसरा आणि उन्हात तिरका धरून बघा. चुंबकाला चिकटणारी बारीक राखाडी पूड थोडीफार असतेच. चुंबकाला न चिकटणारे चकाकते पापुद्रे दिसले तर ते बेअरिंगचं तांबं किंवा अ‍ॅल्युमिनियम आहे. मग ट्रॅक विसरा आणि चेंबर खोला.

फिल्टर स्वच्छ निघाला तर तेलाची पातळी वरच्या खुणेला बरोबर लावा. बऱ्याच गाड्यांत डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये १ लिटरच्या आसपास फरक असतो. मधोमध पातळी म्हणजे अर्धा लिटर कमी, रस्त्यावर चालतं, इथे नाही. खुणेच्या वर मात्र मनाने ओतू नका, क्रँक तेल घुसळून फेस करतो आणि फेसाने दाब धरत नाही. पुस्तिकेत परवानगी असेल तर ३० च्या जागी ४० ग्रेड घ्या. १०० अंशांना ३० ग्रेडची जाडी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असते, ४० ची १२.५ ते १६.३. खरा उपाय म्हणजे चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या, म्हणजे बॅफल, आणि सोबत दाबाचा खरा गेज. तोवर त्या वळणात एक गिअर वरचा ठेवा, आरपीएम खाली राहील.

दोनच कामं करायची म्हणता ना? मग एक ठरलं.

---

पाना_१३

डिपस्टिक यांच्याशी सहमत. दुसरं काम ब्रेकचं, पण मोठ्या डिस्कचं नाही.

आधी पेडल काय सांगतंय ते ओळखा. पेडल कडक, जागेवर, पण गाडी थांबत नाही: पॅड जळालेत, पॅडमधल्या चिकटद्रव्याचा वायू होऊन पॅड डिस्कवर तरंगतो. पेडल मऊ, खाली जातं, दाबत राहिलं की थोडं परत येतं: ब्रेक ऑइल उकळलंय, नळीत वाफ आहे. पेडल फक्त कर्बवरून (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून) गेल्यावर किंवा जोराच्या वळणानंतर पहिल्या दाबाला लांब जातं आणि दुसऱ्या दाबाला अगदी कडक असतं: व्हील बेअरिंगचा ढिलेपणा किंवा डिस्कचं डगमगणं पॅडला मागे ढकलतंय. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारचं आहे. तरी चाक वर-खाली धरून हलवून बघा, दोन मिनिटांचं काम.

आता हिशेब. ११५० किलोची गाडी १६५ वरून ७० वर आणताना जवळपास १० लाख जूल ऊर्जा उष्णतेत जाते. हवेच्या रोधाचा वाटा वगळला, म्हणून हा जास्तीत जास्त आकडा समजा. ७० टक्के पुढच्या ब्रेकवर धरा, म्हणजे एका पुढच्या डिस्कला साडेतीन लाख. तुमच्या आकाराच्या गाडीची पुढची डिस्क ५ ते ६ किलोची असते, तेव्हा एका ब्रेकिंगला ती साधारण १२५ अंशांनी तापते. पुढच्या वळणापर्यंत थोडी निवते, पुन्हा तापते. निवणं हे डिस्क आणि हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं, म्हणून तापमान लॅपगणिक चढत जाऊन चौथ्या-पाचव्याला कुठेतरी स्थिरावतं. तुमचं स्थिरावतं ते ऑइलच्या उकळबिंदूच्या पलीकडे. चौथाच लॅप का, याचं उत्तर हे.

डॉट ४ चा किमान उकळबिंदू कोरडं असताना २३० अंश, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर १५५. दोन वर्षं जुनं ऑइल कोरडं राहिलेलं नसतं. डॉट ५.१ चे आकडे २६० आणि १८०. रेसिंगची डॉट ४ ऑइलं कोरडी असताना ३०० च्या वर जातात, पण पाणी लवकर पितात, म्हणून दर हंगामात किंवा दोन-तीन ट्रॅक डेनंतर बदलायची. डॉट ५ म्हणजे सिलिकॉन, त्याच्या वाटेला जाऊ नका. एबीएसच्या गाडीत नकोच, आणि बाकीच्यांत मिसळतही नाही. ५ आणि ५.१ च्या आकड्यांनी पुष्कळ जण फसतात.

ऑइल बदलताना १ लिटर पुरतं. टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने काढा, नवं भरा, मग पुस्तिकेतल्या क्रमाने चाकं घ्या (बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडलला जोडलेल्या ब्रेकच्या मुख्य पंपापासून लांबचं आधी). चाकाच्या ब्रेकवरच्या निपलवर (ऑइल काढायच्या तोटीवर) पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडालेलं हवं. एकाने पेडल दाबायचं आणि धरून ठेवायचं, दुसऱ्याने निपल पाव फेरा उघडायचं, पेडल खाली जाऊन थांबलं की निपल बंद, त्यानंतरच पाय वर. हा क्रम चुकला की हवा परत आत. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळाला लागणार नाही. मास्टर सिलिंडरचा जो भाग रोज वापरला जात नाही तिथे गंज असतो, सील त्यावर घासलं की फाटतं, आणि मग असं ऑइल काढल्यावर (ब्लीडिंग) पेडल आणखी वाईट होतं, लोक नव्या ऑइलला शिव्या देतात. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका. एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा गेली तर स्कॅनरशिवाय निघत नाही.

ऑइलसोबत पुढचे पॅड. रस्त्याचे पॅड ४०० अंशांच्या आसपास हात टेकतात, ट्रॅकचे ६०० च्या पुढेही धरतात. पॅड नुसते पकडीसाठी नसतात, डिस्क आणि पिस्टन यांच्यामधला तो उष्णतेचा अडसरही असतो. निम्मा झिजलेला पॅड म्हणजे ऑइल निम्म्या अंतरावरून शेकणं. ६ मिलिमीटरच्या खाली गेले की ट्रॅकसाठी संपले समजा, रस्त्यावर वापरा. पॅड काढलेच आहेत तर कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या) सरकत्या पिना बाहेर काढून पुसा आणि सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा, साधं ग्रीस नको. पॅड पाचरीसारखा तिरका झिजलेला दिसला तर पिन अडकलेली आहे.

---

उलटसुलट

छिद्रांच्या डिस्क घाला, लगेच थंड होतात. आणि थर्मोस्टॅट काढून टाका, काटा वर जाणार नाही.

---

पाना_१३

छिद्रांच्या डिस्क ट्रॅकवर छिद्रापासून छिद्रापर्यंत तडकतात. शिवाय छिद्रं म्हणजे तेवढं लोखंड कमी, आणि वरचा सगळा हिशेब लोखंडाच्या किलोंवर आहे. साध्या, आतून पोकळ डिस्क चांगल्या, फार तर खाचा असलेल्या. डिस्क खरोखर किती तापते ते पाहायचं तर कडेला तापमानाचा रंग लावा. तीन पट्ट्या असतात: हिरवी ४३० ला रंग बदलते, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. लालही गेली तर मागचा धुळीचा पत्रा काढून हवेची नळी द्या. नळीचं तोंड डिस्कच्या मध्यभागी, हबच्या बाजूला हवं. पोकळ डिस्क पंख्यासारखी आतून बाहेर हवा फेकते, तिच्या चेहऱ्यावर नुसती हवा मारून फार फरक पडत नाही.

मोठ्या डिस्कचा संच: १५ इंची चाकात बसेलच असं नाही, आणि फक्त पुढचे ब्रेक वाढवले की पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो. ऑइल, पॅड, हवा हे तिन्ही करूनही लाल पट्टी जात असेल तेव्हा बोलू.

---

डिपस्टिक

थर्मोस्टॅटचं उत्तर मी देतो. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की बायपासचा रस्ता बंद करतो. तो काढला तर बायपास कायम उघडा, म्हणजे काही पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात परत. थंड लॅपला इंजिन गार आणि तापल्या लॅपला आधीपेक्षा गरम, असा उलटा कारभार होतो. थर्मोस्टॅटची शंका असेल तर काढून गरम पाण्यात धरा, लिहिलेल्या तापमानाला उघडतो का बघा, नाही तर नवा घाला.

काट्याबद्दल एक. आजच्या गाड्यांतला काटा मुद्दाम आळशी केलेला असतो, ८० पासून १०५ पर्यंत मध्यावरच बसून राहतो. तो हलला म्हणजे फार उशीर झालेला असतो. ओबीडीचा (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटचा) छोटा वाचक लावून कूलंटचा खरा आकडा आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. कूलंट १०८-११० ला पोचलं की एक लॅप सावकाश.

यात खर्चाचं काम नंतर, आधी फुकटचं. रेडिएटरच्या आणि पुढच्या एसी कंडेन्सरच्या जाळीत रबराचे कण आणि किडे अडकलेले असतात, मागून पुढे हलक्या पाण्याने धुवा. दाबाचा पंप जवळ नेऊ नका, पातळ पंख वाकतात. रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमने बंद करा, हवा नेहमी सोपी वाट धरते आणि रेडिएटरला वळसा घालून जाते. रेडिएटरच्या टोपीचं रबर तपासा: १.१ बारची टोपी दाब धरत असेल तर नुसतं पाणीही १२० अंशांच्या पुढे उकळतं, टोपी गळकी असेल तर १०० ला. हे सगळं ठीक असूनही पाणी कमी होत असेल किंवा टाकीत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटची निळ्या द्रवाची चाचणी करून घ्या. टाकीतली हवा त्या द्रवातून ओढतात, जळका वायू असेल तर तो पिवळा पडतो.

---

काळी_रेघ

टायरकडे कोणी बघितलंच नाही. ३३ पीएसआय थंड हा रस्त्यावरचा आकडा आहे. २५ अंशांचा टायर आतून ७५ ला गेला की ३३ चे ४१ होतात. वायूचा नियम लावायचा, फक्त गेजच्या आकड्यात वातावरणाचे १४.७ मिळवून मग. अशा गाडीला पुढे गरम ३४ ते ३६ पासून सुरुवात करतात, म्हणजे थंड असताना २८. पिटमध्ये आल्याबरोबर, पहिल्या मिनिटात मोजा. पहिला पुढचा डावा, तोच सगळ्यात जास्त राबतो. मागचे टायर फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये फारसे तापत नाहीत, म्हणून त्यांचा थंड आकडा पुढच्यापेक्षा जास्त असेल तर चूक समजू नका. घरी निघताना हवा परत रस्त्याच्या आकड्यावर आणायची.

बाहेरची कड झिजणं मात्र हवेचं एकट्याचं दुखणं नाही. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) असेल तर गाडी कलल्यावर चाकही तिच्याबरोबर बाहेर कलतं आणि सगळं ओझं कडेवर येतं. कंपनीचा कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा कल) अर्धा-पाऊण अंश उणे, म्हणजे वरून आत झुकलेला असतो, ट्रॅकला २ ते २.५ उणे लागतो. स्ट्रटच्या खालच्या बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट घातला की दीड अंशाच्या आसपास मिळतो. हे बोल्ट मूळ बोल्टपेक्षा बारीक असतात आणि सरकतात, म्हणून टॉर्क रेंचने (ठरल्या जोराने आवळायच्या पान्याने) आवळून रंगाची रेघ मारा आणि दर सत्रानंतर रेघ जुळते का बघा. कॅम्बर बदलला की टो (वरून पाहताना चाकांची दिशा आत की बाहेर) बदलतोच. टो न मोजता निघालात तर दोन सत्रांत आतली कड खाल.

तापमान मोजायचं तर सुई टोचायचा मापक हवा. इन्फ्रारेड बंदूक फक्त वरचा थर मोजते आणि तो पिटमध्ये येईपर्यंत निवलेला असतो. आत, मध्ये, बाहेर असे तीन आकडे घ्या. मध्य दोन्ही कडांपेक्षा गरम: हवा जास्त. बाहेरची कड आतल्यापेक्षा गरम: कॅम्बर कमी, नाही तर चालक वळणात जास्त वेगाने शिरून स्टिअरिंग नुसतं पिळतोय. ही दुसरी शक्यता लोकांना आवडत नाही, पण फुकटात दुरुस्त होणारी तेवढी एकच आहे.

आणि रीमॅपचं: लॅपचा नुसता एकूण वेळ बघून कुठे गेला ते कळत नाही. मोबाइलचा जीपीएस बहुधा सेकंदाला एक नोंद घेतो, १६५ च्या वेगाला दोन नोंदींत ४६ मीटर जातात. १० हर्ट्झचा (सेकंदाला दहा नोंदींचा) जीपीएस लावा आणि तिसरा आणि पाचवा लॅप एकावर एक ठेवा. पट्ट्याच्या शेवटचा वेग कमी झाला असेल तर इंजिन. ब्रेकची खूण (ब्रेक दाबायला सुरुवात होते ती जागा) अलीकडे सरकली असेल तर ब्रेक. वळणातला कमीत कमी वेग घटला असेल तर टायर.

---

तिसरा_गिअर

सगळ्यांचे आभार. फिल्टर कापला: बारीक राखाडी पूड, चुंबकाला चिकटणारी. चकाकते पापुद्रे नाहीत. डिपस्टिकवर तेल मधोमध होतं.

जुना लॉग १० हर्ट्झचाच होता, पण मी फक्त वेळ बघत होतो. पट्ट्याच्या शेवटी वेग तिसऱ्या लॅपला १६५, पाचव्याला १६४, सहाव्याला १६१. ब्रेकची खूण पाचव्या लॅपला ३० मीटर अलीकडे. लांब उजव्या वळणातला कमीत कमी वेग ७२ वरून ७०.

---

काळी_रेघ

मग उत्तर लॉगमध्येच आहे. १२० मीटरचं वळण ७२ ने ६ सेकंदांत होतं, ७० ने ६.१७ लागतात, आणि पुढच्या पट्ट्यावर तो फरक वाढत जातो. पाचव्या लॅपचा बराचसा तोटा ब्रेकचा, त्यात थोडा टायरचा. सहाव्याला इंजिन त्यात भर घालतंय.

---

डिपस्टिक

१६१ चं कारण उष्णता दिसतेय. आत येणारी हवा २५ वरून ४५ अंशांवर गेली की तिची घनता ६ टक्क्यांनी कमी होते, शिवाय कूलंट आणि हवा तापली की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) नॉकिंगच्या, म्हणजे इंधन अवेळी भडकण्याच्या भीतीने इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतो. बॉनेटखालची हवा ओढणारा उघडा फिल्टर लावलात तर हेच दुखणं आणखी वाढवाल. मूळ डबा राहू द्या, त्याचं तोंड बाहेरच्या गार हवेत असतं. रीमॅपमध्ये टायमिंग पुढे नेतात, म्हणजे हेडमध्ये उष्णता आणखी. आधी कूलंट धरू दे.

सत्राची आखणी बदला: एक लॅप गरम करायला, तीन जोरात, एक सावकाश, मग पुन्हा तीन. सावकाश म्हणजे वरचा गिअर, ब्रेकला जवळजवळ पाय नाही, आणि मागून येणाऱ्याला वाट द्यायची.

---

तिसरा_गिअर

बॅफल आणि दाबाचा गेज हे पहिलं काम, ब्रेक ऑइल आणि पुढचे पॅड हे दुसरं. हवा २८ करतो, जाळी धुतो. कॅम्बर नंतर. पॅड नवे घातल्यावर लगेच ट्रॅकवर गेलं तर चालेल का?

---

पाना_१३

नाही. आधी बसवून घ्या. रिकाम्या रस्त्यावर किंवा सत्राच्या पहिल्या दोन लॅपमध्ये १०० वरून २० पर्यंत मध्यम ते जोरात असे आठ-दहा ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही. मग ब्रेक न लावता दहा मिनिटं फिरवून निववायचं. पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा चढला पाहिजे, निळसर करडा दिसतो. पॅडच्या डब्यावर वेगळी पद्धत लिहिली असेल तर तीच धरा.

पिटमध्ये आल्यावर पेडल दाबून उभं राहू नका आणि हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो आणि पुढच्या सत्रात स्टिअरिंग थरथरतं. त्यालाच लोक "डिस्क वाकली" म्हणतात, बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. गाडी गिअरमध्ये टाकायची, चाकाखाली ठोकळा, बॉनेट उघडं. चाकं निवल्यावर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासायचे. पुस्तिकेतला आकडा घ्या, छोट्या गाड्यांत तो साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. गरम असताना आवळत बसू नका.